आतून कुलूप लावणाऱ्या बाई

ये अशी. कागदावर का होईना, पण जरा जवळ सरकून बस आणि तो मोबाईल उपडा ठेव. मी रागावलेय तुझ्यावर. थोडीशीच, पण रागावलेय. परवा हळदीच्या मांडवात चार बायकांत तू काय म्हणालीस? "आजीला कसलं आलंय लॉकडाऊन! आजीच्या जेलात बारा महिने लॉकडाऊनच. कुलूप आधीच लावलेलं, तिथं रोगासाठी आणखी तयारी ती काय करायची?" सगळ्या खो खो हसल्या. मी पण हसले. शुभकार्यात कुठं भांडत बसू? पण घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. अगं, उभी नोकरी मी त्या भिंतीच्या आत काढली, बायकांच्या बराकीवर शिपाई म्हणून. तुला एकदा तरी विचारावं वाटलं का, की आजी, तेव्हा तुम्ही आत काय केलं गं? नाही वाटलं. मग मी न विचारताच सांगते. माझं नाही, आमच्या बाईंचं सांगते. माझ्यात सांगण्यासारखं फार नाही, बाईंच्यात लई आहे.

बाई म्हणजे आमच्या महिला विभागाच्या जेलर. नाव लिहीत नाही, त्यांना चालायचं नाही. कुणी "मॅडम" म्हटलं की त्या ओ द्यायच्या नाहीत. मागं वळून बघायच्या, जणू पाठीमागं दुसरीच कुणी मॅडम उभी आहे. मग म्हणायच्या, "मॅडम बँकेत असतात. मी बाई."

उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, अंगानं काटक, आणि आवाज असा की पलीकडं पुरुषांच्या बराकीत लोक सरळ होऊन बसायचे. उन्हाळा लागला की त्यांच्या खाकी पँटच्या खिशात कांदा असायचा. ऊन लागू नये म्हणून. वैजापूरकडच्या त्या, कांद्याच्या वावरातच वाढलेल्या. एकदा वरचे मोठे अधिकारी तपासणीला आले. बाईंनी खाडकन सॅल्यूट ठोकला, अन् त्या दणक्यानं कांदा टुणकन बाहेर. घरंगळत गेला तो थेट साहेबांच्या बुटापाशी. साहेब कांद्याकडं बघतायत, आम्ही साहेबांकडं बघतोय. बाई वाकल्या, कांदा उचलला, पुसला, खिशात टाकला आणि परत सॅल्यूट. "महिला विभाग, सगळं ठीक आहे, सर." साहेबांनी वहीत "ठीक" लिहिलं अन् पुढं गेले.

आणखी एक खोड होती. आम्हा शिपायांना "अगं-तुगं" आणि कैदी बायकांना "अहो-जाहो." माझ्याबरोबर नसीम म्हणून एक होती ड्युटीला, जुन्या शहरातली, जिभेची तिखट. ती एकदा तोंडावर म्हणाली, "क्या बाई, हमकू अगं और उनकू अहो? ये कौन सा इन्साफ है?"

बाई म्हणाल्या, "तू सांजच्याला घरी गेलीस की तुला कुणी अम्मी म्हणतं, कुणी भाभी म्हणतं. ह्यांना हितं कोण काय म्हणतं? नंबर म्हणतं. मग एक अहो माझ्याकडनं."

बाहेर आल्यावर नसीम मला म्हणते, "बाई का दिमाग सरक्या हुआ है. पर सीधे तरफ सरक्या है."

कुणाचा गुन्हा काय, हे बाईंनी कधी विचारलं नाही आणि आम्हाला विचारू दिलं नाही. "गुन्हा कोर्ट बघतंय. आपण ताप बघायचा, भत्ता बघायचा, टोटल बघायची." भत्ता म्हणजे जेवण. आणि टोटल तुला सांगायला पाहिजे. जेलात रोज माणसं मोजतात, सकाळी मोजतात, संध्याकाळी दार लावायच्या आधी मोजतात. त्याला गिणती म्हणायचं. बायका जोडीजोडीनं खाली बसायच्या आणि मोजणारी एकेकीच्या डोक्याला हात लावत पुढं जायची. जुळलं की "टोटल बरोबर" म्हणायचं, मग घंटा. नाही जुळलं तर सगळं जेल जागच्या जागी उभं. सकाळी मी "जय भीम, बाई" म्हणायचे. त्या म्हणायच्या, "जय भीम, टोटल?" दोन्हींच्या मधी श्वाससुद्धा नाही.

आमच्याकडं एक रीत होती. नियमात कुठं नाही, पण चालत आलेली. जी निवृत्त होणार तिनं शेवटच्या संध्याकाळची गिणती घ्यायची. बाई किती वर्षांपासून सांगायच्या, "मला शाल नको, नारळ नको, भाषण तर नकोच नको. शेवटची गिणती तेवढी मी घेणार, एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून. मग दार तुम्ही लावा, मी चालले वैजापूरला." दुसरी कसली हौस त्यांनी केलेली मी बघितली नाही. साधा चहासुद्धा त्या बिनसाखरेचा प्यायच्या. आणि ज्या साली रोग आला, त्याच साली त्यांची निवृत्ती होती.

रोगाची बातमी पेपरात अजून आतल्या पानावर होती, तेव्हाची गोष्ट. बाईंनी पेपर वाचला, घडी घातली, आणि मोठ्या गेटाजवळ खुर्ची टाकून बसल्या. सकाळभर तिथंच. दूध आलं, भाजीचा टेम्पो आला, वकील आले, कोर्टातून एक नवी बाई आली, तिला घेऊन पोलीस आले, आमची पाळी बदलली. बाई नुसत्या बघत होत्या. दुपारी आम्हाला बोलावलं.

"ही भिंत बघा. केवढी उंच हाय. रोग काय हिच्यावरनं उडी मारणार नाय. रोग गेटातनं येणार, सही करून, आपल्यासारखा ड्युटीवर येणार." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आतल्या बायका बाजारात जातात का? लग्नात जातात का? आपण जातो. मग सांग, कोंडायचं कुणाला?"

आम्ही हसलो. बाईंचं नेहमीचं म्हणून सोडून दिलं. पण पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं बघ. कुलूप आधीपासून होतं, खरंय. पण ते आमच्या बाजूनं होतं, आणि येणारा रोगही आमच्याच बाजूनं येणार होता.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी धडाका लावला. शिवणाची खोली रिकामी केली, मशिनी व्हरांड्यात काढल्या. नवी बाई आली की तिनं आधी त्या खोलीत राहायचं, तिचं ताट वेगळं, तिची बादली वेगळी, काही होत नाही असं दिसलं की मग मोठ्या बराकीत. त्या खोलीला बाईंनी "पाहुणीची खोली" नाव दिलं, म्हणजे आलेली घाबरू नये. दारावर तोरण लावलं, आंब्याच्या पानांचं. तोवर सरकारातून असं काही आलं पण नव्हतं. आमच्या जेलचे अधीक्षक साहेब म्हणाले, "बाई, हे कुणाच्या आदेशानं?" बाई म्हणाल्या, "आदेश आला की दाखवते सर. तोवर खोली झाडून ठेवली, एवढंच."

मग गिणती. जोडीनं बसायचं बंद. अंगणात चुन्याची गोल गोल वर्तुळं मारली, एकीचं एक. आता बायका त्या, रिकाम्या वर्तुळात किती दिवस बसतील? आठवड्याच्या आत एकीनं विटकरीच्या चुऱ्यानं कडेला नक्षी काढली, दुसरीनं कमळ काढलं, तिसरीनं तिच्या गावची नदी. साहेब आले अन् म्हणाले, "हे जेल आहे का दिवाळी आहे?" बाई म्हणाल्या, "सर, अंतर मोजा. नक्षी नका बघू." साहेबांनी खरंच अंतर मोजायला लावलं. इंचभर कमी भरलं नाही.

एक फजिती पण सांगते, नाहीतर तुला वाटेल बाईंचं चुकतच नव्हतं. रोग हातानं पसरतो म्हटल्यावर बाईंच्या डोक्यात चाव्या अन् कुलपं बसली. दिवसभर किती हात लागतात त्यांना! मग हुकूम निघाला, रोज संध्याकाळी कुलपं अन् चाव्या बादलीत, ब्लिचिंगच्या पाण्यात. आम्ही इमानदारीनं बुडवत होतो. आणि एका सकाळी मोठ्या बराकीचं कुलूप उघडेचना. गंज चढून आतनं गच्च. मी चावी फिरवते, नसीम फिरवते, बाई फिरवतात. आत सगळ्या बायका गजाशी गोळा, आयांबरोबर आत राहणाऱ्या पोरांची तोंडं त्यांच्या मधून.

आतून आवाज आला, "बाई, आम्ही काय केलंय ते कोर्टाला ठावं हाय. कुलपानं काय केलं?"

दुसरी म्हणते, "ऱ्हाऊ द्या बाई. आज तुम्हीच भाकरी बडवा."

इतकं हसणं झालं की पुरुष विभागातून माणूस विचारायला आला, काय झालं. शेवटी स्वयंपाकघरातून गोडं तेल आणलं, ते ओतलं, थांबलो, परत ओतलं. उघडलं तेव्हा बाईंच्या कपाळावर घाम होता. त्या हसत नव्हत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आत लेकरं होती गं. आग लागली असती तर?" त्या दिवसापासून चाव्या साबणानं धुवायच्या आणि कुलपाला तेल, तेही त्या स्वतः घालायच्या.

पण बाईंनी जे खरं येड्यासारखं केलं, ते गेटावर केलं. महिला विभागाला मोठ्या गेटानंतर आणखी एक आतलं गेट होतं. तिथं त्यांनी स्टूल टाकलं, पाण्याचा नळ बसवला, साबण ठेवला, आणि पहाऱ्याला बसवलं कुणाला, तर शेवंतामावशीला. मावशी जन्मठेपेची. पैठणकडची, किरकोळ अंगाची, आवाज फाटका. आमच्यातल्या अर्ध्याजणी नोकरीला लागायच्या आधीपासून ती आत. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "जी कोणी बाहेरनं येईल, शिपाई असो, डॉक्टर असो, मी असो, तिनं शेवंताबाईंसमोर हात धुवायचे. खोकला हाय का, ताप हाय का, घरी कुणी आजारी हाय का, त्या विचारतील, त्याचं उत्तर द्यायचं. त्या नाय म्हणाल्या तर आत यायचं नाय. अहो शेवंताबाई, कलेक्टर आला तरी सोडायचं नाय."

आता तू विचार कर. जिची आम्ही रोज झडती घ्यायचो, केसांत हात घालून, पदर झटकायला लावून, तिनं आता आमची झडती घ्यायची! नसीम भडकली. "ये क्या नवा तमाशा? मुजरिम हमकू पूछेंगी, हात धोये क्या?" माझं पण डोकं फिरलं होतं, खोटं कशाला सांगू.

बाईंनी आवाज चढवला नाही. "रोग आला तर तुझ्याकडनं येईल नायतर माझ्याकडनं येईल. लागेल कुणाला? ह्यांना. पळायला ह्यांना जागा नाय. मग ज्याला लागायची भीती, राखण त्याच्याच हातात द्यायला नको?"

पहिल्या दिवशी मावशी आमच्याकडं बघायची पण नाही. चारआठ दिवसांनी काय बिशाद कुणाची! "ओ ताई, नखं कुणी घासायची? परत धुवा." डॉक्टरांना म्हणाली, "तुम्हाला मी शिकवू व्हय? मनगटापर्यंत." डॉक्टर बिचारे धुवायचे.

मग वरून हुकूम आला, की आता जेलच्या माणसांनी पण आतच राहायचं. अर्धी जणं आत, अर्धी बाहेर, ठरलेले दिवस भरले की अदलाबदल, आणि आत येणाऱ्यानं आधी वेगळं राहून मग यायचं. बाईंनी आमच्यासाठी मागवलेल्या गाद्या हुकमाच्या आधीच येऊन पडल्या होत्या. त्यांनी आतल्या गेटाला आतून कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "घ्या. आता आपण पण बंदी."

माझे मालक तेव्हा बजाजनगरला घरी एकटे. कंपनी बंद, स्वयंपाकाचा हात शून्य. तरी एक दिवस सायकल मारत आले मोठ्या गेटापर्यंत, ठेच्याचा डबा घेऊन. स्वतः केलेला ठेचा! मला निरोप आला, मी धावले. बाई म्हणाल्या, "डबा आत येणार नाय."

"बाई, माझ्या माणसानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी केलंय."

"कळतंय मला. पण येणार नाय."

मी दोन दिवस बाईंशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खलबत्त्यात ठेचा कुटला आणि माझ्या ताटात वाढला. "तुझ्या माणसाइतका झाला नसंल," म्हणाल्या. लई तिखट होता. मी रडले ते ठेच्यानंच, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता मंगलचं सांगते, कारण सगळं तिथं येऊन थांबतं. मंगल म्हणजे कच्ची कैदी, खटला चालू असलेली. जामीन झाला होता, पण जामीन राहायला माणूस येईना, कोर्टं बंद. आणि दिवस भरत आलेले. एका दुपारी, जेवणं उरकून बायका पडल्या होत्या, अन् तिच्या कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात न्यावंच लागेल, मूल आडवं आहे. गाडी आली. बरोबर आमच्यातलं एक बाईमाणूस जायला पाहिजे होतं. आणि नियम बाईंचाच, जी बाहेर गेली तिनं परत आल्यावर सगळे दिवस वेगळं राहायचं. दवाखाना तर तेव्हा रोगानं भरलेला.

त्या महिन्याच्या अखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. हिशेब सगळ्यांना कळत होता. जी जाईल ती परत आत येईपर्यंत तो महिना उलटणार होता.

मी म्हटलं, "बाई, मी जाते. तुमचे थोडे दिवस राहिलेत."

"म्हणून तर मी जायचं. तू बाहेर अडकलीस तर तुझी पाळी कोण करील? नसीमच्या गुडघ्यात दम नाय, बाकीच्या नव्या. माझं काय, मी तशी पण जाणारच हाय."

"आणि शेवटची गिणती?"

बाईंनी कमरेची चावी काढली, नळाखाली साबणानं धुतली, माझ्या हातात दिली. मंगलला म्हणाल्या, "चला, हळू. माझा हात धरा. जोरात धरा, मोडत नाय तो." गाडीचं दार लागलं तेव्हा मंगल ओरडत होती आणि बाई तिच्या वरताण ओरडत होत्या, "अहो, श्वास घ्या! श्वास!"

मुलगी झाली. दोघी सुखरूप. परत आल्यावर मंगल अन् बाळ पाहुणीच्या खोलीत, आणि बाईंचा मुक्काम मुलाखतीच्या खोलीत. मुलाखत म्हणजे नातेवाईक भेटायला येतात ती खोली, मधी जाळी असते. रोगामुळं मुलाखती बंदच होत्या, खोली मोकळी. बाई बाहेरच्या बाजूला, जिथं नातेवाईक उभे राहतात तिथं. आणि आमच्या बायकांनी काय करावं? रोज संध्याकाळी लांब लांब उभं राहून आतल्या बाजूनं रांग लावायच्या. बाईंची मुलाखत घ्यायला!

"काय बाई, जेवण बरं हाय ना? छळ नाय ना करत कुणी?"

"वकील दिला का बाई?"

"नक्को घाबरू बाई, छूट जाते तुम," नसीम मागून.

बाई जाळीतून दम द्यायच्या, "लांब व्हा! अंतर! अहो, तुमचा मास्क नाकाखाली का?" पण त्यांना ते आवडत होतं. चेहरा दिसायचा ना मला.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. बाईंची तपासणी झालेली, रोग नाही असा निकाल आलेला, पण दिवस अजून भरायचे होते, थोडेच. साहेब भले माणूस. म्हणाले, "जाऊ द्या, दहा मिनिटं आत जाऊन गिणती घ्या. एवढ्या वर्षांची नोकरी आहे, मी जबाबदार." आम्हाला इतका आनंद झाला! बायकांनी दुपारीच वर्तुळं झाडली, नक्षीत नवा रंग भरला. कुणी केस विंचरले, पोरांना तेल लावलं.

संध्याकाळी बाई आल्या. गादीखाली ठेवून घडी बसवलेला गणवेश, पट्टा चमकवलेला. आतल्या गेटाच्या पलीकडं त्या, अलीकडं मी चावी घेऊन, आणि मधी स्टुलावर शेवंतामावशी. बाईंनी नळाखाली हात धुतले, मनगटापर्यंत, नखं घासून. पुढं पाऊल टाकलं.

मावशी उठली. "बाई, दिवस भरलं?"

"अहो शेवंताबाई, साहेबांनी परवानगी दिलीय."

"ते साहेबांचं झालं. मी विचारलं, दिवस भरलं का?"

मी म्हटलं, "मावशे, तपासणी चांगली आलीय. दहाच मिनिटं." मावशीनं माझ्याकडं बघितलं पण नाही.

"तुम्ही मला म्हणला होता, कलेक्टर आला तरी सोडू नका."

"मी कलेक्टर हाय व्हय?" बाईंचा आवाज जरा चढला. तो आवाज ऐकून आतली पोरंसुद्धा थांबली.

"नाय. तुम्ही आमच्या बाई हाय." मावशीचा फाटका आवाज आणखीनच फाटला. "दुसरं कुणी असतं तर मी पायच धरलं असतं, आत येऊ नका म्हणून, नायतर भांडले असते. तुमच्याशी कसं भांडू? पण आत लेकरं हायती, बाई. सोडत नाय मी."

काय सांगू तुला. जन्मठेपेची कैदी जेलरला गेटावर अडवते आहे, आणि चावी माझ्या हातात आहे. मावशीचे दोन्ही हात पसरलेले, गेटाला पाठ लावून उभी. मला वाटलं आता बाई मला म्हणतील, उघड. त्यांनी म्हटलं असतं तर मी उघडलं असतं, मावशीनं काय अडवलं असतं मला? बाईंचं एक पाऊल पुढंच होतं. त्यांनी नळाकडं, साबणाकडं, मावशीच्या स्टुलाकडं बघितलं, एकेक करून.

मग ते पाऊल त्यांनी मागं घेतलं. टाचा जुळवल्या. आणि शेवंतामावशीला सॅल्यूट ठोकला. कडक. मोठ्या साहेबांना ठोकायच्या तसा.

मावशीला सॅल्यूटला काय करायचं असतं ते कुठं माहीत. तिनं हात जोडले.

"बसवा सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "मी हितनंच घेते गिणती. डोक्याला हात नाय लागणार, तर प्रत्येकीनं आवाज द्या. नंबर नको. नाव सांगा."

अंगण गेटापासून वळणाआड. बाईंना एकही चेहरा दिसत नव्हता. त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि आतून एकेक नाव येऊ लागलं. कुणी मोठ्यानं, कुणी लाजत, कुणी बापाच्या नावासकट. पोरांनी पण आपापली नावं सांगितली, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पाहुणीच्या खोलीतून मंगल ओरडली, "मंगल! आणि ही, नाव अजून ठेवलं नाय!" दरवेळी बाईंची मान हलायची. मधीच एका नावावर ती हलली नाही.

"थांबा. सखूबाई, आवाज बसलाय तुमचा." डोळे उघडले, मला म्हणाल्या, "अगं, सखूबाईंचा ताप बघ आधी. घसा धरलाय."

मी धावले. सखूबाई आपल्या वर्तुळात तोंडाला पदर लावून बसलेली. कपाळ गार. तिनंच मोठ्यानं सांगितलं, "ताप नाय, बाई. रडू आलंय."

गेटापलीकडून बाईंचा तोच आवाज, भिंतीपलीकडच्यांना ताठ बसवणारा. "टोटल बरोबर."

घंटा नसीमनं दिली. तिनं ती थांबवलीच नाही, वाजवतच राहिली, शेवटी साहेबांनी माणूस पाठवला. आणि बाई आत न येताच, आल्या तशा, मोठ्या गेटातून चालत गेल्या.

तिथं उभी असताना मला पहिल्यांदा कळलं, की आम्ही काय उभं केलं होतं. पुढच्या लाटेत रोग आमच्या गेटापर्यंत आला, पाहुणीच्या खोलीतल्या दोघींना झाला, त्या बऱ्या पण झाल्या. मोठ्या बराकीत, लेकरांत तो शिरला नाही. स्टुलावर मावशी बसलेलीच होती. मोठमोठ्या ठिकाणी काय काय झालं ते तू वाचलं असशील. आमच्याकडं हे झालं. ते कुठं छापून आलं नाही, म्हणून मी सांगते, आणि मान ताठ करून सांगते.

बाई आता वैजापूरला असतात, भावाच्या वावराच्या कडेला दोन खोल्या आहेत. परवा फोनवर शेळीला "अहो, सरका" म्हणताना ऐकलं मी. मंगल सुटल्यापासून लेकीला घेऊन दरवर्षी भेटून जाते. मी तुझ्याबद्दल सांगितलं त्यांना, हळदीतलं ते बोलणं पण सांगितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी थट्टेत का होईना, विचारती तरी हाय. घेऊन ये तिला."

तर तू ये. सुट्टी-बिट्टी बघत बसू नकोस, या रविवारीच ये. आदल्या दिवशी माझ्याकडं मुक्कामाला यायचं, सकाळी क्रांती चौकातून रिक्षा करून स्टँड गाठू, वैजापूरची गाडी धरू. बाईंना दम लागतो आजकाल, पण बोलायला बसल्या की दिवस पुरत नाही. उशीर करू नकोस, पोरी. ये.